पॅराशूटवाला गार्नेरिन

आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला थोरांची ओळख असते. ज्यांची जयंती असेल त्यांच्यावर कुणीतरी लिहितं. या वेळी गुरुजींनी चौथीच्या वर्गाला सांगितलं की माणूस तुम्हीच निवडा. मग मी फ्रान्स देशातला एक माणूस निवडला. त्याचं नाव आंद्रे जाक गार्नेरिन. नाव म्हणायला जरा अवघड आहे, पण दोन-तीनदा म्हटलं की जमतं. तो वारला त्याला आता २०० वर्षं होऊन गेली.

हा गार्नेरिन फुग्यातून आकाशात खूप उंच गेला आणि तिथून पॅराशूटने खाली आला. एवढ्या उंचावरून असं त्याच्या आधी जगात कुणीच केलं नव्हतं.

पॅराशूट म्हंजे एक लई मोठी कापडाची छत्री. माझे आजोबा तिला हवाई छत्री म्हणतात. पॅराशूटने उतरणाऱ्या जवानांना ते छत्रीधारी सैनिक म्हणतात. पॅराशूट हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ पडण्यापासून वाचवणारं. हा शब्द लेनोरमाँ नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने तयार केला. त्याने १७८३ साली एका मनोऱ्यावरून छत्रीसारखं साधन घेऊन उडी मारून दाखवली होती. पण मनोरा म्हंजे काही आकाश नव्हे.

छत्रीने माणूस सावकाश का उतरतो ते आधी सांगते. तुम्ही खळ्यावर उफणणी पाहिली असेल. सुपातून धान्य खाली सोडलं की दाणे सरळ पायाशी पडतात आणि भुसकट वाऱ्याने लांब जातं. दाणा जड आणि लहान असतो. भुसकट हलकं आणि पसरट असतं, म्हणून त्याला हवा अडवते. रुईच्या बोंडातून म्हातारी उडते, ती पण तशीच. तिचे केस पसरलेले असतात म्हणून ती खाली यायला इतका वेळ लावते. पॅराशूटमध्ये माणूस दाण्यासारखा जड असतो, पण त्याच्या डोक्यावर एवढं कापड पसरलेलं असतं की हवा त्याला अडवून धरते.

आता गार्नेरिनची गोष्ट. त्याचा जन्म ३१ जानेवारी १७६९ रोजी पॅरिस शहरात झाला. तो १४ वर्षांचा होता तेव्हा फ्रान्समध्ये फुग्यांची धमाल सुरू झाली. हे फुगे आपल्या जत्रेतल्या फुग्यांसारखे नव्हते. ते घराएवढे असायचे. १७८३ च्या सप्टेंबर महिन्यात राजासमोर एक फुगा सोडला. त्याच्या टोपलीत एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवला होता. माणसाला वर गेल्यावर काही होतं का ते बघायचं होतं, म्हणून आधी जनावरं पाठवली. तिघेही जिवंत खाली आले. मला सगळ्यात जास्त मेंढीची दया आली. कोंबड्याला आणि बदकाला निदान पंख तरी होते. त्यानंतर दोन महिन्यांनी माणसं फुग्यातून उडाली.

तो फुगा गरम हवेचा होता. जाक शार्ल नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच वर्षी हायड्रोजन वायूचा फुगा केला. हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका असतो. पुढे हाच शार्ल गार्नेरिनचा गुरू झाला. फुगे कसे करायचे आणि कसे उडवायचे ते गार्नेरिन त्याच्याकडे शिकला.

पण फुगा काही भरवशाचा नसतो. कापड फाटलं, वायू निसटला किंवा आग लागली की संपलं. सगळ्यात आधी फुग्यातून उडालेल्या दोघांपैकी रोझिए हा दोनच वर्षांत, १७८५ साली, फुगा पडून मेला. वर गेलेल्या माणसाला खाली यायला दुसरी काही वाटच नव्हती. ब्लांशार नावाच्या फुगेवाल्याने फुग्यातून छत्री बांधून कुत्र्याला खाली सोडून पाहिलं होतं. स्वतः मात्र तसं उतरायला कुणी तयार नव्हतं.

पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि लढाया सुरू झाल्या. गार्नेरिन सैन्याच्या कामावर होता. त्याला इंग्रजांच्या फौजेने पकडलं आणि ऑस्ट्रियाच्या हवाली केलं. त्यांनी त्याला बुडा इथे तुरुंगात ठेवलं. ते गाव आता हंगेरी देशाच्या बुडापेस्ट शहरात आहे. तिथे तो तीन वर्षं कैदेत होता. असं सांगतात की उंच भिंतीकडे बघून बघून त्याच्या मनात छत्रीचा विचार पक्का झाला. छत्री असती तर भिंतीवरून उडी मारून पळता आलं असतं. तिथून त्याला पळायला जमलं नाही. पण सुटून घरी आला तेव्हा तो विचार त्याच्याबरोबर आला. त्याचा भाऊ पण त्याच्यासारखाच फुग्यांच्या नादाचा होता.

२२ ऑक्टोबर १७९७ हा दिवस लक्षात ठेवा. त्या काळी आपल्याकडे पुण्याला दुसरा बाजीराव पेशवा होता. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचं देऊळ बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर वारल्या, त्याला दोनच वर्षं झाली होती. त्या दिवशी पॅरिसच्या मोन्सो बागेत खूप लोक जमले होते.

गार्नेरिनचं पॅराशूट आताच्यासारखं पाठीवर नव्हतं. ते मिटलेल्या छत्रीसारखं फुग्याच्या खाली लोंबत होतं. त्याच्या मधोमध एक दांडा होता. दांड्यातून एक दोर गेला होता आणि तो वरच्या फुग्याला बांधला होता. उघडल्यावर छत्री २३ फूट रुंद व्हायची. आमच्या वर्गाची खोली गुरुजींनी पट्टीने मोजली, ती २० फूट लांब आहे. म्हंजे ती छत्री आमच्या वर्गात उघडलीच नसती. छत्रीच्या खाली दोऱ्यांना टोपली बांधली होती आणि टोपलीत गार्नेरिन उभा होता.

फुगा वर वर गेला. तो सुमारे १००० मीटर उंच गेला. आपल्या देवगिरी किल्ल्याचा डोंगर साधारण २०० मीटर उंच आहे. आम्ही सहलीला गेलो होतो तेव्हा वरच्या बारादरीपर्यंत जाताना माझे पाय दुखायला लागले होते. असे पाच देवगिरी एकावर एक ठेवले की जेवढं होईल तेवढ्या उंचीवर तो माणूस एका टोपलीत होता. खालची माणसं मुंगीएवढी पण दिसत नसतील.

तिथे त्याने दोर कापला.

वरचा फुगा सुटून आणखी वर गेला. छत्री आणि टोपली खाली पडायला लागली. लोकांच्या काळजाचं पाणी झालं असेल. थोडं पडल्यावर छत्रीत हवा भरली आणि ती उघडली. पण लगेच दुसरं संकट आलं. टोपली झोके घ्यायला लागली. झोके म्हंजे नागपंचमीच्या झोक्यासारखे नव्हेत. टोपली पार या बाजूला आणि पार त्या बाजूला जात होती. कधी कधी टोपली छत्रीच्या बरोबरीला येते की काय असं खालून वाटत होतं. टोपली उलटली असती तर गार्नेरिन बाहेर फेकला गेला असता. त्याला धरायला फक्त टोपलीचा काठ होता. आताच्यासारखे पट्टे नव्हते.

शेवटी टोपली जमिनीवर आपटली आणि घासत गेली. गार्नेरिन जिवंत होता. तो घोड्यावर बसून परत मोन्सो बागेत आला आणि लोकांना दिसला. मला हा भाग फार आवडतो. कारण तो बागेपासून लांब उतरला होता, आणि लोकांना तो वाचला की मेला हे कळतच नव्हतं.

त्या गर्दीत लालांद नावाचा एक मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. तो आकाशातले तारे मोजायचा. टोपली इतकी का झुलते याचा विचार त्याने केला. असं सांगतात की त्यानेच सुचवलं, छत्रीच्या माथ्यावर मधोमध एक भोक ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, भोक कशाला? ज्या कापडाने हवा अडवायची त्यालाच भोक? आमच्या वर्गात यावरून दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला की भोक पाडलं तर माणूस दगडासारखा पडेल. दुसरा पक्ष म्हणाला की शास्त्रज्ञ सांगतो ते खरं असेल. मी दुसऱ्या पक्षात होते. गुरुजींनी कुणालाच बरोबर म्हटलं नाही. त्यांनी आम्हाला पॅराशूट करायला लावलं.

मी आईच्या जुन्या पातळाचे तीन चौकोनी तुकडे आणले. प्रत्येक तुकडा दोन हात लांब आणि दोन हात रुंद होता. प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीची सुतळी बांधली. तीन दगड किराणा दुकानातल्या तराजूवर तोलून घेतले, प्रत्येक दगड १०० ग्रॅमचा. एका तुकड्याला भोक पाडलं नाही. दुसऱ्याला मधोमध चहाच्या कपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं. तिसऱ्याला थाळीएवढं पाडलं. गुरुजी शाळेच्या गच्चीवर गेले आणि एकेक सोडलं. आम्ही खाली उभं राहून मोठ्यांदा आकडे मोजत होतो.

बिनभोकाचं पॅराशूट आमचे चार आकडे म्हणून होईपर्यंत खाली आलं. पण ते सारखं हेलकावत होतं आणि सरकत सरकत पार लिंबाच्या झाडापाशी गेलं. कपाएवढ्या भोकाचं पण चार म्हणेपर्यंतच आलं आणि ते बरंच सरळ उतरलं. थाळीएवढ्या भोकाचं दोन म्हणेपर्यंत धपकन पडलं. आम्ही प्रत्येक पॅराशूट पाच वेळा सोडायला लावलं. वारा आला की थोडा फरक पडायचा, पण बहुतेक वेळा असंच झालं. दोन्ही पक्षांना आनंद झाला, कारण थाळीएवढ्या भोकाने पहिला पक्ष पण थोडा बरोबर निघाला.

कारण गुरुजींनी असं सांगितलं. छत्रीखाली हवा दाबून भरते. तिला बाहेर पडायला जागा नसते. मग ती एका काठाखालून भसकन निसटते आणि छत्री दुसऱ्या बाजूला कलते. मग त्या बाजूने निसटते आणि छत्री परत इकडे कलते. असे झोके वाढत जातात. माथ्यावर छोटं भोक असलं की थोडी थोडी हवा तिथून सरळ वर निघून जाते आणि काठांवरची ओढाताण कमी होते. रस्त्यावर दोन खांबांना बांधलेले मोठे कापडी फलक तुम्ही पाहिले असतील. त्यांना मुद्दाम चिरा पाडलेल्या असतात. वारा त्यातून जातो म्हणून फलक फाटत नाही. मला आधी वाटायचं की ते फलक जुने झालेत.

इथे गुरुजींनी एक गोष्ट लिहायला सांगितली आहे. कुणीही घरची छत्री घेऊन किंवा चादर धरून गच्चीवरून, झाडावरून किंवा विहिरीच्या काठावरून उडी मारायची नाही. घरची छत्री फार लहान असते आणि वाऱ्याने लगेच उलटी होते. दगड सोडायचा, आपण उडी मारायची नाही.

गार्नेरिनचं नाव सगळीकडे झालं. मग १७९८ साली त्याने जाहीर केलं की मी पुढच्या वेळी फुग्यातून एका बाईला वर नेणार. ही पॅराशूटची उडी नव्हती, नुसतं फुग्यातून जायचं होतं. तर पॅरिसच्या पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि मनाई केली. वरच्या विरळ हवेचा बाईच्या नाजूक शरीराला त्रास होईल, ती बेशुद्ध पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय परका पुरुष आणि बाई एवढ्या जवळ बसून उडणार हे पण त्यांना बरं वाटलं नाही.

मला हे वाचून रागच आला. पुरुषाला वरची हवा लागत नाही का? आमच्या आळीत पण मुलगी झाडावर चढली की कुणीतरी लगेच ओरडतं आणि मुलगा चढला की त्याला चिंचा पाडायला सांगतात. हिरकणीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. ती रात्रीच्या अंधारात रायगडाचा कडा उतरली. ती काही बेशुद्ध पडली नाही.

गार्नेरिनने ऐकून घेतलं नाही. गोष्ट मंत्र्यांपर्यंत गेली. मंत्र्यांचं म्हणणं असं पडलं की बाई आणि पुरुष एका घोडागाडीत बसतात तर एका फुग्यात बसायला काय हरकत आहे. मनाई उठली. ८ जुलै १७९८ रोजी सितोयेन आंरी ही बाई त्याच्याबरोबर मोन्सो बागेतून उडाली. सितोयेन हे तिचं नाव नाही, त्याचा अर्थ नागरिक बाई. क्रांतीनंतर तिकडे सगळ्यांना तसंच म्हणत. ते दोघं पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर उतरले. तिला काही झालं नाही.

त्याच्या पुढचं तर आणखी भारी आहे. जान लाब्रोस नावाची एक तरुण मुलगी गार्नेरिनकडे फुगे उडवायला शिकत होती. ती आधी एकटी फुग्यातून गेली. मग १२ ऑक्टोबर १७९९ रोजी तिने सुमारे ९०० मीटर उंचीवरून पॅराशूटने उडी घेतली. पॅराशूटने उतरलेली ती जगातली पहिली बाई. पुढे ती गार्नेरिनची बायको झाली.

१८०२ साली फ्रान्स आणि इंग्लंडची लढाई थांबली तेव्हा दोघं नवराबायको इंग्लंडला गेले. लंडनमध्ये २१ सप्टेंबरला गार्नेरिनने सुमारे ८००० फुटांवरून उडी घेतली. पहिल्या उडीच्या दुपटीहून जास्त उंची! त्या वेळी पण छत्री खूप झुलली आणि त्याला चांगलाच मार बसला. म्हंजे भोकाची गोष्ट सुचली तरी पॅराशूट एका दिवसात सुधारलं नाही. पण झोके काय असतात हे पहिल्याच उडीत कळलेला माणूस परत परत वर जात होता.

लंडनच्या गर्दीत रॉबर्ट कॉकिंग नावाचा माणूस होता. तो चित्रकार होता. त्याने ते झोके पाहिले आणि ठरवलं की छत्रीचा आकारच चुकीचा आहे. आपण उलट्या आकाराची छत्री करू, म्हंजे वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखी, टोक खाली आणि तोंड वर. तशी छत्री झुलत नाही हे खरं होतं. पण ती हवा कमी अडवते आणि तिला ताठ ठेवायला सांगाडा लागतो. कॉकिंगचं पॅराशूट १०० किलोपेक्षा जड झालं. त्यात तो २४ जुलै १८३७ रोजी लंडनजवळ फुग्यातून सुटला. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता. सांगाडा मोडला आणि तो पडून मेला. त्याने झोक्यांचा विचार केला, पण वजनाचा आणि मजबुतीचा हिशोब कच्चा राहिला. आमच्यासारखं आधी दगड बांधून पाच वेळा सोडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता पॅराशूट कसं असतं हे मी आमच्या वस्तीवरच्या फौजी काकांना विचारलं. ते छत्रीधारी सैनिक होते. त्यांचं शिक्षण आग्र्याला झालं. ते म्हणाले की त्यांच्या गोल पॅराशूटला माथ्यावर भोक असतंच. विमानात एक तार असते. तिला पट्ट्याचा हूक लावतात. जवान दारातून बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि पाठीवरचं पॅराशूट आपोआप उघडतं. नाहीच उघडलं तर छातीवर दुसरं पॅराशूट असतं, त्याची मूठ हाताने ओढायची. गार्नेरिनजवळ दुसरं नव्हतं. जमिनीवर पाय टेकताना चार-पाच फुटांच्या ओट्यावरून उडी मारल्याएवढा दणका बसतो. तो बसू नये म्हणून पाय जुळवून एका अंगावर लोळण घ्यायची, हे त्यांनी आम्हाला अंगणात करून दाखवलं. काकूंनी त्यांना कंबर सांभाळायला सांगितलं.

मी विचारलं, सगळ्यात भीती कशाची वाटायची. मला वाटलं ते उंचीची म्हणतील. ते म्हणाले, घडीची. पॅराशूट लांब टेबलावर पसरून घडी घालतात. दोऱ्यांचा गुंता राहिला तर वर गेल्यावर कुणी सोडवायला येत नाही. म्हणून घडी कुणी घातली आणि कधी घातली त्याची नोंद पॅराशूटच्या कार्डावर सहीने असते.

खेळ म्हणून उड्या मारणारे लोक वेगळं पॅराशूट वापरतात. फौजी काकांनी त्याचा फोटो दाखवला. ते गोल नसतं, गादीसारखं लांबट चौकोनी असतं. त्याला कप्पे असतात, कप्प्यांत हवा भरली की ते पंखासारखं होतं आणि दोऱ्या ओढून वळवता येतं. ते लोक आधी पॅराशूट न उघडताच पडत राहतात. तेव्हा त्यांचा वेग तासाला जवळजवळ २०० किलोमीटर होतो. मग ते एक छोटी छत्री हवेत सोडतात आणि ती मोठीला ओढून बाहेर काढते. एवढ्या वेगात मोठी छत्री एकदम उघडली तर जोराचा झटका बसेल. म्हणून दोऱ्यांवर चार कड्या असलेला कापडाचा एक तुकडा असतो. तो दोऱ्यांवरून हळूहळू खाली सरकतो आणि छत्री सावकाश उघडते. मला तो तुकडा फार आवडला. मनगटावर उंची सांगणारं घड्याळ असतं. माणूस बेशुद्ध पडला तर ठरलेल्या उंचीवर दुसरं पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र पण असतं.

आपल्या देशात १८९० साली कलकत्त्याला रामचंद्र चटर्जी यांनी फुग्यातून जाऊन पॅराशूटने उडी घेतली. ते कसरतपटू होते. आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या लढाईत टांगाईलला आपले छत्रीधारी सैनिक उतरले. त्यांची पलटण आधी मराठा लाइट इन्फंट्रीची होती. हे सांगताना फौजी काकांची मान ताठ झाली होती.

गार्नेरिनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. फ्रान्सचा सरकारी फुगेवाला म्हणून त्याला मान मिळाला होता. १८०४ साली नेपोलियन बादशहा झाला. त्या समारंभासाठी गार्नेरिनने एक मोठा फुगा सजवून सोडला. त्यात माणूस नव्हता. तो फुगा वाऱ्याने जो गेला तो थेट इटलीत रोमजवळ गेला. आपल्याकडून दिल्ली जेवढी लांब आहे साधारण तेवढं ते लांब आहे. तिथे तो नीरो नावाच्या जुन्या दुष्ट राजाच्या थडग्याला घासला आणि मग तळ्यात पडला. लोक हसले. नेपोलियनला ते आवडलं नाही आणि गार्नेरिनचा मान गेला. वाऱ्याने फुगा कुठे नेला यात गार्नेरिनचा काय दोष ते मला कळलं नाही.

तरी त्याने फुगे सोडले नाहीत. १८ ऑगस्ट १८२३ रोजी तो पॅरिसमध्ये एका फुग्याच्या तयारीचं काम करत होता. तेव्हा एक लाकडी तुळई त्याच्या डोक्यावर आदळली आणि तो गेला. तो ५४ वर्षांचा होता. एवढ्या उंचावरून इतक्या वेळा खाली आलेला माणूस जमिनीवर उभा असताना मेला. मी हे वाचून आईला सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना.

त्याची पुतणी एलिझा पण पॅराशूटवाली होती. काका असतानाच तिने उड्या सुरू केल्या होत्या. काका गेल्यावर पण ती थांबली नाही. १८१५ पासून १८३६ पर्यंत तिने ३९ उड्या मारल्या.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी